स्पॅगेटी वेस्टर्न पाहायचे कसे? आधी गोळीची वाट पाहायला शिका

स्पॅगेटी वेस्टर्न म्हणजे इटालियन दिग्दर्शकांनी काढलेले, अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतले बंदूकबाजीचे सिनेमे. ते पहिल्यांदा बघणारे बरेच जण वीस मिनिटांत मोबाइल हातात घेतात. ‘अरे, काही घडतच नाहीये!’ खरं आहे. पण इथली मजा गोळी सुटण्याच्या आधी असते.

पहिली गोष्ट, क्रम नीट लावा. आधी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘योजिंबो’ (१९६१) आणि लगेच इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४). गोष्ट तीच: गावात दोन टोळ्या, दोघींनाही खेळवणारा एक उपरा. लिओनेने ती न विचारता उचलली, जपानी कंपनीने दावा लावला आणि शेवटी तडजोड झाली. उचलेगिरी होतीच. पण सामुराईच्या जागी चिरूट चघळणारा, अंगावर पाँचो टाकलेला क्लिंट ईस्टवूड आला की काय काय बदलतं, ते पाहा. आणि हो, ही ‘अमेरिका’ बरीचशी स्पेनमधल्या आल्मेरियाच्या रखरखाटात चित्रित झालेली आहे.

मग इयरफोन लावा आणि ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) पहिली दहा मिनिटं नीट ऐका. ओसाड स्टेशनवर तीन बंदूकवाले गाडीची वाट बघताहेत. पवनचक्की करकरतेय. एकाच्या टकलावर पाणी ठिबकतंय. तो जागचा हलत नाही, हॅट घालतो, आणि पुढे हॅटवर साचलेलं तेच पाणी पिऊन टाकतो. दुसरा तोंडावर बसणारी माशी बंदुकीच्या नळीत पकडतो आणि तिची गुणगुण ऐकत बसतो. पार्श्वसंगीत नाही. या आवाजांनाच लिओनेने संगीत केलंय. तोंडाची हालचाल आणि संवाद जुळले नाहीत तर चिडू नका. इटलीत तेव्हा आवाज सर्रास मागाहून भरत.

चेहरे हा पुढचा धडा. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या (१९६६) शेवटी स्मशानातल्या गोल रिंगणात तिघे उभे राहतात. लांबून दिसणारी माणसं, मग हात, मग नुसते डोळे, असा कॅमेरा जवळ जवळ येत जातो. एन्नियो मोरिकोने, लिओनेचा शाळेतला वर्गमित्र, त्याचं संगीत इथे संवादांचं काम करतं. हा प्रसंग आवाज बंद करून एकदा बघाच, निम्मा जीव गेलेला दिसेल.

लिओनेवर थांबू नका. सर्जिओ कोर्बुचीचा ‘जँगो’ (१९६६) चिखलातून शवपेटी ओढत येतो, तर त्याच्याच ‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये (१९६८) सगळीकडे बर्फ आणि नायक मुका. शेवट कुणाला विचारू नका. माझ्या मते इतका निर्दय शेवट लिओनेलाही जमला नाही. तिसरा सर्जिओ, सोल्लिमा. त्याच्या ‘द बिग गनडाउन’मध्ये राजकारण उघड बोलतं.

एवढं झालं की ‘वन्स अपॉन...’मधलं मॅकबेन कुटुंबाचं हत्याकांड पुन्हा लावा. रातकिडे गप्प होतात, पक्षी उडतात, शेवटी एक लहान पोरगं उरतं. गोळी सुटते आणि लगेच रेल्वे. लागलीच ‘शोले’तला (१९७५) ठाकूरच्या घरचा प्रसंग लावा. पोरावर रोखलेली बंदूक, गोळी, आणि पुढे काय येतं ते कान देऊन ऐका.