ग्रीस आत पोचेपर्यंत भरायचं

आमच्या हँगरला नवीन येणाऱ्या पोरांना ग्रीसचं काम हलकं वाटतं. मला त्याचीच भीती वाटते, म्हणून स्टॅबिलायझरचा, म्हणजे विमानाच्या शेपटीवरच्या आडव्या पंखाचा, जॅकस्क्रू कसा ग्रीस करायचा ते सविस्तर लिहितोय. हा लांब स्क्रू नटातून फिरतो आणि तो पंख वर-खाली हलवतो.

शिडी लावायच्या आधी टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद, पूर्ण वाचा. ग्रीस कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि डब्यावरचा नंबर, मुदत ताडून घ्या. दोन जातींची ग्रीस एकत्र करायची नाहीत. निपल, म्हणजे ग्रीस आत भरायचं तोंड, चिंधीने स्वच्छ पुसा, नाहीतर वरची धूळ तुमच्याच हाताने आत जाईल. मग ग्रीस गन लावून सावकाश दाबा, आणि नजर नटाच्या कडेवर ठेवा. आधी काळपट जुनं ग्रीस बाहेर येईल, त्यामागून नव्याचा रंग. तो रंग दिसेपर्यंत हात थांबवू नका. कडेला काहीच येत नसेल, किंवा ग्रीस निपलभोवतीच जमत असेल, तर आतली वाट तुंबलेली आहे. तिथेच काम थांबवून इंजिनिअरला बोलवा.

३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सच्या २६१ क्रमांकाच्या उड्डाणाचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि आतली सगळी ८८ माणसं गेली. समुद्रातून काढलेल्या नटाची ग्रीसची वाट सुकलेल्या गाळाने बुजलेली होती. स्क्रूच्या चालत्या भागावर कामाचं ग्रीस नव्हतं. स्क्रू पोलादी, नट ब्राँझचा. नटाचे आटे झिजत झिजत उडतानाच सुटले आणि त्यांच्या पट्ट्या स्क्रूला गुंडाळलेल्या सापडल्या. विमान उलटं झाल्यावरही दोन्ही वैमानिक ते सावरायला झटत होते. चूक त्यांची नव्हती, आपल्या देखभाल खात्याची होती. त्या जागेचं झाकण लहान, हात जेमतेम आत जातो, काम बरचसं चाचपून करावं लागतं. नीट करायला चार तास लागतात असा अंदाज चौकशीत निघाला. शेवटचं ग्रीस करणाऱ्याने सांगितलं होतं, साधारण तासभर.

म्हणून नट भरला की काम संपलं असं धरू नका. ब्रशने स्क्रूच्या सगळ्या आट्यांवर, मागच्या बाजूलाही, ग्रीस लावा. दिसत नसेल तिथे टॉर्च आणि आरसा घ्या. मग आसपास कोणी नाही याची खात्री करून ट्रिम, म्हणजे स्टॅबिलायझर हलवणारी यंत्रणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवा, म्हणजे ग्रीस सगळीकडे पसरेल. बाहेर आलेलं जुनं ग्रीस लगेच फेकू नका. चिमटीत चोळून उजेडात धरा. पिवळसर चकाकी दिसली तर ती नटाची झीज आहे, तसं लिहून कळवा.

एंड प्ले, म्हणजे झिजेमुळे स्क्रू आणि नटात आलेला ढिलेपणा, मोजताना फिक्स्चर (मापासाठी लावायचं साधन) मान्य केलेलंच हवं. अलास्काकडे घरी बनवलेली फिक्स्चर वापरात होती. सप्टेंबर १९९७ मध्ये त्याच विमानाचं माप ४० थाउ (इंचाचे हजारावे भाग) आलं, म्हणजे नेमकं मर्यादेवर. आधी नट बदलायचं ठरलं. पुन्हा मोजल्यावर ३३ आलं आणि विमान सोडलं. माझ्या हाताखाली अशी दोन मापं आली तर मी मोठंच खरं धरतो.

कार्डावर जेवढं झालं तेवढंच लिहा. शिफ्ट संपली आणि स्क्रूवर लावायचं राहिलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाला शिडीवर नेऊन जागा दाखवा.