व्हिएतनामला जाताय? रोज एक गोष्ट बघा आणि एक हाताने करा

मागच्या होळीच्या आसपास मी, आई आणि माझी धाकटी बहीण अशा तिघी व्हिएतनामला जाऊन आलो, आणि आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, आईच्या भिशीत सगळ्यांना तेच तेच सांगतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. जायच्या आधी एका ट्रॅव्हलवाल्याने आम्हाला जो प्लॅन दिला होता त्यात एका दिवसात अकरा ठिकाणं होती, त्यातली दोन तर चक्क दुकानं, आणि आईचे गुडघे बघता ते शक्यच नव्हतं. मग आम्ही ते बाजूला ठेवलं आणि घरी डायनिंग टेबलवर बसून एकच नियम केला, की दिवसाला एक जागा बघायची आणि एक गोष्ट स्वतःच्या हाताने करायची, बाकी वेळ रिकामा. हे कसं जमवायचं ते सांगते.

आधी तारखा. आपल्याकडे सगळे दिवाळीच्या सुट्टीत निघतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मध्य व्हिएतनाममधला पावसाचा जोर, होई आनच्या जुन्या गावात तेव्हा नदीचं पाणी रस्त्यावर येतं आणि लोक होडीने फिरतात. त्यामुळे दिवाळीतच जायचं असेल तर उत्तरेला हनोई, निन्ह बिन्ह करा, तिकडे तेव्हा हवा छान असते, आणि होई आनसाठी फेब्रुवारी ते मे बघा. फक्त त्यांचं नवीन वर्ष, तेत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, त्या आठवड्यात दुकानं आणि क्लास बंद असतात, ते टाळा. आणि अजून एक, कालनिर्णय काढून पौर्णिमा बघा, खरंच. होई आनला चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि सगळीकडे कंदील, ती रात्र आपल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सुमारास पडते. आम्ही होळी पौर्णिमा धरूनच तिकिटं काढली होती. गर्दी होती, खूप होती, पण आई नदीकाठच्या पायरीवर तासभर नुसती बसून होती आणि उठायलाच तयार नव्हती.

व्हिसा ऑनलाइन होतो, एका एन्ट्रीचा २५ डॉलर, पण सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या भरपूर साइट आहेत ज्या दुप्पट-तिप्पट घेतात, तेव्हा पत्ता नीट वाचून मगच कार्ड काढा, आणि नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल तर तेही. पुण्याहून आम्ही आदल्या रात्री गाडीने मुंबई गाठली आणि तिथून विमान घेतलं. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणजे झोपेचा काही त्रास नाही.

पैशांचं मात्र लक्ष देऊन वाचा. तिकडचं चलन डाँग, आपल्या एका रुपयाला साधारण ३०० मिळतात. हिशोब सोपा आहे, शेवटची तीन शून्यं बोटाने झाकायची आणि उरलेल्याला तीनने गुणायचं, म्हणजे २०,००० डाँग झाले साठ-सत्तर रुपये. आता गंमत बघा, २० हजाराची नोट निळी आणि ५ लाखाचीही निळीच, संध्याकाळच्या उजेडात पटकन फरक कळत नाही. होई आनला आम्ही उसाचा रस प्यायलो, तिकडे उसाबरोबर छोटी आंबट संत्र्यासारखी फळं पिळतात, अप्रतिम लागतो, आणि मी वीस हजार समजून पाच लाख देऊन निघाले. रसवाल्या मावशी गाडी सोडून मागे पळत आल्या, दोन्ही नोटा माझ्यासमोर धरल्या आणि वीस हजारावरच्या चित्रावर बोट ठेवलं. त्या नोटेवर होई आनचाच जपानी पूल आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानी व्यापाऱ्यांनी बांधलेला, छपराचा, आणि तो आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होता. तेव्हापासून लक्षात राहिलं, पूल म्हणजे छोटी नोट. तुम्ही पाच लाखाच्या नोटा पर्सच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवा.

आता मुख्य मुद्दा, हाताने करायची गोष्ट निवडायची कशी. नेटवर शेकडो क्लास दिसतात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच. मी बुकिंगआधी मेसेज करून चारच प्रश्न विचारायचे. ग्रुपमध्ये किती लोक (दहाच्या वर असतील तर तुम्ही नुसते बघत उभे राहता), सगळं आधीच चिरून-कापून ठेवलेलं असतं की पहिल्यापासून आपण करतो, बसायला उंच खुर्ची मिळेल का, आणि मध्ये कुठल्या दुकानात थांबवणार आहात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. जे उत्तर द्यायला टाळाटाळ करतात ते सोडून द्या. आणि रिव्ह्यू वाचताना नवीन आणि तीन स्टारवाले वाचा, पाच स्टारवाल्यात काही कळत नाही, तीनवाला माणूस नेमकं काय खटकलं ते सांगतो. होमस्टेमध्ये राहत असाल तर मालकीणबाईंना विचारा, आमचे दोन सगळ्यात चांगले अनुभव त्यांनीच जुळवून दिले.

पहिला म्हणजे स्वयंपाकाचा क्लास. होई आनच्या बाहेर त्रा क्वे नावाचं भाजीचं गाव आहे, सायकलवर जाता येतं, आई रिक्षासारख्या गाडीतून आली. तिथे वाफे इतके रेखीव की बघतच राहावं, पुदिना, तुळशीच्या दोन-तीन जाती, कांद्याची पात, आणि खत म्हणून पाण्यातलं शेवाळ घालतात. कावडीसारख्या काठीला दोन झाऱ्या लावून पाणी द्यायचं असतं, ते आम्हाला करायला दिलं, बहिणीने अख्खा वाफा भिजवला. मग तांदळाचा कागद. भिजवलेले तांदूळ दगडी जात्यावर पाण्याबरोबर दळायचे, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कापड ताणून बांधलेलं, त्यावर पळीच्या पाठीने पीठ गोल फिरवायचं, झाकण, अर्धा-एक मिनिट, आणि बांबूच्या पातळ पट्टीने अलगद उचलून जाळीवर टाकायचं. आईने पहिलं झाकण उघडलं आणि म्हणाली, "अगं, ही तर सालपापडी!" आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर होतात तशाच, फक्त आपण ताटलीवर वाफवतो आणि जिरं-खसखस घालतो, त्या तीळ घालतात. माझ्या पहिल्या दोन फाटल्या. आईची पहिलीच अखंड निघाली, कारण तिने ओलं बोट लावून बघितलं की कड सुटलीये का, आणि शिकवणाऱ्या मावशींनी, त्याही आईच्याच वयाच्या असतील, तिचं ते बोट बघितलं आणि स्वतःचं बोट पाण्यात बुडवून तसंच करून दाखवलं, म्हणजे त्याही तेच करतात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि पुढचा अर्धा तास त्या दोघीच सालपापड्या घालत होत्या, आम्ही बाजूला. सगळ्या ट्रिपमध्ये माझ्यासाठी तो अर्धा तास सगळ्यात मोठा. तेव्हा घरातल्या मोठ्यांना क्लासला "तुम्ही बसा, आम्ही करतो" असं अजिबात म्हणू नका.

दुसरा कंदिलाचा क्लास, तासाभराचा. बांबूचा सांगाडा तयार मिळतो, त्यावर गोंद लावून रेशमी कापड ताणायचं, आकाशकंदील केलेल्या माणसाला जमतंच. कापड एका बाजूने लावत गेलात तर सुरकुत्या पडतात, समोरासमोरच्या काड्या धरून ताणायचं. छत्रीसारखा मिटतो, म्हणून बॅगेत मावतो.

टोपलीची होडी पण करा पण वेळ बघून. हंपीला हरिगोलात बसला असाल तर आकार तोच, बांबूची विणलेली गोल टोपली आणि वरून राळेचं लिंपण, मला तर आपल्या बुरूड आळीची आठवण आली. फ्रेंचांच्या काळात होड्यांवर कर होता, तो चुकवायला लोक टोपल्या वापरायला लागले असं तिकडे सांगतात. नऊनंतर गेलात तर मोठमोठे स्पीकर आणि होड्या गरागरा फिरवायचा खेळ, मोठ्या माणसांना चक्कर येते. आम्ही सकाळी सातला गेलो, फिरवू नका असं आधीच सांगितलं, आणि होडीवाल्या आजोबांनी वल्हं माझ्या हातात दिलं. ते बाजूला मारायचं नसतं, पुढ्यात इंग्रजी आठच्या आकारात हलवायचं असतं, पंधरा मिनिटांनी होडी सरळ जायला लागते.

बघायच्या जागांत मराठी माणसाने एक सोडू नये, ती म्हणजे ‘मी सन’ नावाची जागा. होई आनपासून साधारण ४० किलोमीटर, डोंगरांच्या कुशीत तिकडच्या जुन्या चाम राज्यातल्या राजांची शंकराची देवळं, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली, जवळजवळ सगळी विटांची. भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली, शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठं देऊळ पडलं, खड्डे अजून दिसतात. डागडुजीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. आई तिथे हात जोडून उभी राहिली, आजूबाजूचे लोक फोटो काढत होते आणि ती हळू आवाजात स्तोत्र म्हणत होती. पहाटेची गाडी घ्या, दहानंतर उन्हाने विटा तापतात आणि बसेस येतात. आत चालायला सपाट आहे, गेटपासून बॅटरीची गाडी मिळते. हाच दिवस रिकामा ठेवा, दुपारी दुसरं काही घालू नका.

निन्ह बिन्हला त्रांग आनची होडी, दोन-तीन तास, चुनखडीच्या डोंगरांखालच्या गुहांमधून पाणी जातं आणि डोकं वाकवून जावं लागतं. ताम कोकला होडीवाल्या बायका पायाने वल्हवतात. एकच करायची तर त्रांग आन. हांग मुआ डोंगराच्या सुमारे ५०० दगडी पायऱ्या बहीण एकटी चढली, आम्ही खाली शहाळं पीत बसलो. हनोईला पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ बघा, कलाकार पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात, पुढच्या रांगेची तिकिटं घ्या. आणि अंड्याची कॉफी, १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून तिथे कोणीतरी पिवळा बलक साखरेबरोबर फेटून वर घातला, तेव्हापासून चालू आहे. अंडं चालत नसेल तर नारळाची घ्या, मला तर तीच जास्त आवडली.

शाकाहारी लोकांची काळजी सगळ्यात जास्त असते, पण खरं सांगते, उपाशी राहिलो नाही. एकच शब्द पाठ करा, "चाय" (Chay), म्हणजे शाकाहारी, चहा नाही. पाटीवर ती चार इंग्रजी अक्षरं दिसली की आत शिरायचं. बौद्ध लोक तिकडे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार करतात, त्या दिवशी तर साध्या दुकानातही मिळतं. नुसतं "मांस नको" म्हणू नका, कारण माशाचं पाणी, नुओक माम, जवळजवळ सगळ्यात असतं आणि त्यांच्या दृष्टीने ते मांस नाही. होमस्टेच्या ताईंकडून त्यांच्या भाषेत एक वाक्य फोनमध्ये लिहून घ्या, मासा नको, माशाचं पाणी नको, कोळंबी नको, अंडं चालेल की नाही, आणि ऑर्डर देताना तेच दाखवा. आईसाठी आम्ही मेतकूट आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, भात सगळीकडे मिळतोच, पुऱ्या निम्म्या परत आल्या.

रस्ता ओलांडायचं म्हणाल तर हनोईत दुचाक्यांचा लोंढा थांबत नाही. लक्ष्मी रोडची सवय असेल तरी इथे एक वेगळं आहे, मध्येच थांबायचं नाही आणि पळायचं तर अजिबात नाही, एकाच वेगाने हळू चालत राहायचं, ते तुमचा अंदाज घेऊन बाजूने जातात. आईचा हात धरून आम्ही पहिल्यांदा पंधरा मिनिटं फूटपाथवर उभ्या होतो, शेवटी एका शाळकरी मुलीने आम्हाला पलीकडे नेलं. स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह टाळा, तुमचं लायसन्स तिथे चालत नसेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले पैसे देत नाहीत. अॅपवरून गाडी बोलवा.

होई आनला कपडे शिवून घ्यायचे असतील तर पहिल्याच दिवशी माप द्या, म्हणजे दोनदा घालून बघायला वेळ मिळतो. कंदीलही शेवटच्या दिवशी करू नका, गोंद वाळायला एक रात्र लागते. मिटून, गोंडा कागदात गुंडाळून, मोठ्या बॅगेत कडेला उभा ठेवा, वर साड्या-टॉवेल. आमचा आता कोथरूडच्या गॅलरीत टांगलाय, जूनमध्ये मात्र आत घ्यावा लागतो, रेशीम भिजलं की कडेपासून सुटायला लागतं.