‘श्री’खालचा लाल रंग

जुन्या गाडीचा विटलेला रंग उजळण्याचे काम शिकू पाहणारी मुले मला भेटतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न मशीन कोणते घ्यावे हा असतो. मशीनविषयी मी पुढे लिहिणारच आहे. पण या धंद्यात बारा वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, मशीन हातात घेण्यापूर्वीचे दोन तास आणि मशीन खाली ठेवण्याची वेळ, या दोनच ठिकाणी कारागिराची खरी पारख होते. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून मी सांगलीतल्या एका लाल मारुती 800 चे काम सविस्तर सांगतो.

गाडी 1998 ची होती आणि मालक निवृत्त शिक्षक होते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. तसे नूतनीकरण तोंडावर आले होते आणि एजंटाने त्यांना सरळ नवा रंग मारून आणायला सांगितले होते. सर माझ्याकडे आले ते एकच अट घेऊन: “रंग मारायचा नाही. आहे तोच दिसायला लागू दे.” 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात गाडीच्या दारांपर्यंत पाणी चढले होते, आणि इंजिनाचे काम करून घेतल्यावर ती बराचसा काळ अंगणात, कव्हराखाली उभी होती. कव्हर घातले म्हणजे गाडी जपली, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलते आणि खालचा रंग दिवसरात्र घासत राहते; शिवाय आत कोंडलेला दमट वारा पत्र्याला लागतो तो वेगळाच. सरांच्या गाडीचा टप आणि बोनेट लाल म्हणावे अशा स्थितीत नव्हते. तो रंग पेरूच्या गरासारखा फिकट गुलाबी झाला होता आणि बोटावर त्याची भुकटी येत होती.

ही भुकटी म्हणजे काय, हे नवख्या माणसाने नीट समजून घ्यावे. रंगातले रंगद्रव्य राळेच्या थरात घट्ट बसवलेले असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरची राळ हळूहळू तुटते, रंगद्रव्याचे कण सुटे होतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश इतस्ततः विखुरल्यामुळे रंग पांढरट दिसू लागतो. याची परीक्षा अगदी सोपी आहे. त्या भागावर पाणी मारावे. ओला असेपर्यंत रंग मूळच्यासारखा गडद दिसला, तर खाली चांगला रंग शिल्लक आहे आणि पॉलिशने तो वर आणता येईल. ओले करूनही पांढरे चट्टे तसेच राहिले आणि त्यांच्या कडा नखाला लागत असतील, तर वरचा क्लिअरचा, म्हणजे रंगावर मारलेल्या पारदर्शक लेपाचा, थर सुटलेला आहे, आणि तिथे कितीही रबिंग केले तरी उपयोग होत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो. दुसऱ्या प्रकारच्या गाडीला पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हणता येणे, हाही या कामाचाच भाग आहे.

दुसरी परीक्षा पांढऱ्या फडक्याची. कोपऱ्यात थोडे पॉलिश लावून हाताने चोळावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर रंगाचा थर उघडा आहे, त्यावर वेगळे क्लिअर नाही. फडके पांढरे किंवा मळकट राहिले तर वर क्लिअर आहे. त्या काळच्या साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या रंगांवर बहुधा क्लिअर मारलेले नसे, आणि सरांच्या गाडीचे फडके कुंकवासारखे लाल झाले. अशा गाडीवर पॉलिश करताना प्रत्येक वेळी प्रत्यक्ष रंगच निघत असतो, हे त्या फडक्याकडे पाहिले की वेगळे शिकवावे लागत नाही.

किती निघाला आणि किती उरला, हे मात्र डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी रंगाची जाडी मोजणारा मीटर लागतो, आणि मशीनच्या आधी पैसे घालायचे असतील तर ते मी या मीटरवर घालायला सांगेन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळे मिळून बहुधा 90 ते 150 मायक्रॉन एवढाच रंग असतो. क्लिअर असलेल्या गाडीवर त्यातले क्लिअर 35 ते 50 मायक्रॉनचे असते, आणि त्यातूनही फार थोडे काढण्याची मुभा असते. सरांच्या गाडीच्या टपावर 80 च्या आसपास आकडा आला, बोनेटवर 84 ते 90, उजव्या दारांवर शंभराच्या पुढे. डाव्या पुढच्या दारावर मात्र 310, आणि त्याच बाजूच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला थेट 900. तीनशेचा अर्थ दार पुन्हा रंगवलेले आहे, आणि नऊशेचा अर्थ खाली लांबी, म्हणजे पोचा बुजवणारी पुट्टी, भरलेली आहे. दाराच्या आतल्या कडेला थिनरचे बोट लावून पाहिले, तर रंग लगेच विरघळून चिकट झाला, म्हणजे तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग होता. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे रसायन, घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग थिनरला असा दाद देत नाही. एकाच गाडीवर दोन जातींचे रंग असल्यावर दोन्हींना एकच पॉलिश आणि एकच पॅड चालेल, असे धरून चालता येत नाही. हे सारे आकडे मी पत्र्यावर मास्किंग टेप लावून त्यावर लिहिले, जुने ओरखडे आणि पोचे सरांना दाखवून त्यांचे फोटो काढले, आणि मगच गाडी धुवायला घेतली. फोटो आधी काढले नाहीत तर जुना ओरखडाही तुमच्याच नावावर लागतो.

धुण्याविषयी थोडक्यात सांगतो. शाम्पूची एक आणि साध्या पाण्याची दुसरी अशा दोन बादल्या घ्याव्यात, गाडी वरून खाली धुवावी, आणि कपड्यांची पावडर कधीही वापरू नये. पण या गाडीने मला एक नवा धडा दिला. धुऊन, पुसून, चिकणमातीसारख्या क्ले बारने पत्रा गुळगुळीत करून मी दारावर पहिला पॅड टेकवला आणि दोन फेऱ्यांत नवे गोल ओरखडे उमटले. थांबून पाहिले तर दाराच्या रबरी पट्टीखालून पुराच्या गाळाची बारीक राखाडी रेघ पाण्याबरोबर झिरपत होती. चार वर्षे तो गाळ तिथे बसून होता. मग जुना टूथब्रश आणि हवेचा पाइप घेऊन सगळी रबरे, दारांखालची पाणी जाण्याची भोके आणि नंबर प्लेटची मागची बाजू साफ करण्यात अर्धा दिवस गेला. आमच्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून उडणारी काजळीही अशीच पट्ट्यांखाली जाऊन बसते. ती कोरड्या फडक्याने झटकणारा माणूस स्वतःच्याच गाडीला पॉलिश पेपर लावत असतो.

आता मशीन. वेगाने एकाच अक्षावर फिरणारे रोटरी मशीन काम लवकर उरकते, पण एका जागी रेंगाळले तर रंग तापवून जाळते; फिरता फिरता हेलकावणारे ड्युअल अॅक्शन मशीन हळू चालते आणि पुष्कळ चुका पोटात घालते. नवख्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी. हे मी पुस्तकी सांगत नाही. आयटीआय संपवून एका वर्कशॉपमध्ये लागल्यावर तिसऱ्या महिन्यात मी एका गिऱ्हाइकाच्या चंदेरी गाडीच्या बोनेटच्या कडेवर रोटरी क्षणभर जास्त टेकवली, आणि पॅड उचलला तेव्हा खाली करंगळीएवढी राखाडी प्रायमरची रेघ होती. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सारा भार त्याच एका रेघेवर येतो, हे मला ठाऊक होते. हाताला ठाऊक नव्हते. वस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी भंगारातून एक बोनेट आणून माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, “आता हे मुद्दाम जाळ. किती वेळात जळतं ते मोज.” त्या बोनेटवर मी पंधरा दिवस रोज संध्याकाळी काम केले, आणि माझे खरे शिक्षण तिथे झाले, असे मी मानतो. काही आयटीआयमध्ये मोटारीच्या बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि तो जरूर करावा. पण तो करतानाही भंगारातले एक बोनेट घरी आणून ठेवावे.

सरांच्या गाडीच्या सर्व कडा आणि पत्र्यावरच्या उंचवट्याच्या रेघा मी टेपने झाकल्या आणि बोनेटच्या दीड फूट चौरस तुकड्यावर आधी सर्वांत मऊ फोमने आणि सर्वांत बारीक पॉलिशने काम करून पाहिले. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग मध्यम पॉलिश, आणि तेवढ्यावर भागले. लोकरी पॅड आणि कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारे जाड पॉलिश, फक्त दुबार रंगवलेल्या डाव्या दाराला लागले. सौम्यापासून सुरू करून गरजेपुरतेच वर चढायचे, हा क्रम अनेकांना वेळखाऊ वाटतो, पण उलट्या क्रमाने गेल्यावर परतीची वाट नसते. उघड्या रंगावर आणखी एक अडचण येते: पॅड दोन मिनिटांत लालभडक होऊन गच्च भरतो आणि मग तो कापत नाही, नुसता रंगाचा लगदा फासतो. म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर ब्रशने पॅड साफ करावा आणि एका गाडीला किमान सात-आठ पॅड हाताशी ठेवावेत. काम सावलीतच करावे. पत्र्यावर तळहात आरामात टेकत नसेल, तर पत्रा थंड होईपर्यंत थांबावे.

पहिल्याच दिवशी टपाचा अर्धा भाग उजळला. मधला टेप काढल्यावर एका बाजूला पेरू आणि दुसऱ्या बाजूला लाल मिरची, असे दृश्य होते. ती रेघ पाहिल्यावर आणखी दोन हात मारावेसे वाटतात, आणि नेमके तेव्हाच मीटर लावावा. टपावर 80 चे 76 झाले होते. एवढ्यावर मी टप सोडला. तिथे खोल गेलेले काही डाग अजून दिसत होते. चिमण्या-कावळ्यांच्या विष्ठेने रंगात जे खड्डे पडतात, ते सपाट करायचे तर आजूबाजूचा सगळा रंग त्यांच्या तळापर्यंत उतरवावा लागतो, आणि 76 वर तो हिशेब बसत नाही.

प्रकृतीविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या लाल, पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिशाची रंगद्रव्ये वापरली जात असत, म्हणून असा रंग कोरडा घासू नये, पाण्याखालीच घासावा, आणि हात धुतल्याखेरीज चहाच्या कपाला हात लावू नये. पुढे फवारणीकडे वळलात तर हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. नाकाला बांधलेल्या रुमालाने तो अडत नाही, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. माझ्याबरोबर शिकलेला एक चांगला हाताचा पेंटर आज या कारणाने घरी बसून आहे.

बाजारात मिळणारी ‘अर्ध्या तासात चमक’ बहुतेक वेळा तेलाची किंवा सिलिकॉनची असते. ओरखडे भरले जातात, गिऱ्हाईक खूश होते आणि तीन-चार धुण्यांत सगळे पुन्हा दिसू लागते. म्हणून पॉलिश झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून, टॉर्च तिरपी धरून काम पाहावे आणि गिऱ्हाइकालाही तसेच दाखवावे; मात्र एनसी रंगावर हे अल्कोहोल आधी कोपऱ्यात लावून पाहावे. सिलिकॉनचा दुसरा दोष असा की, पुढे कधी ते दार रंगवायला घेतले तर रंग त्या जागी फाटतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उठतात. उघड्या रंगाला शेवटी चांगल्या वॅक्सचा किंवा सीलंटचा थर द्यावा आणि तो काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागेल, हे आधीच सांगावे. सरांनी सिरॅमिक कोटिंगची चौकशी केली होती. 25 वर्षांच्या रंगावर त्यांचे तेवढे पैसे घालवणे मला प्रशस्त वाटले नाही.

डिकीच्या दारावर ‘श्री’चे एक स्टिकर गाडी घेतल्यापासून होते. त्याच्या कडा जळून कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, म्हणून सरांना विचारून मी ते हेअर ड्रायरने तापवून काढले आणि डिंक निलगिरीच्या तेलाने पुसला. त्याखाली 1998 चा लाल रंग जसाच्या तसा होता, ऊन न लागलेला. तीन दिवस तोच माझा नमुना होता; प्रत्येक तुकडा झाला की मी मनातल्या मनात त्या अक्षराशी ताडून पाहत असे. शेवटी डिकीवर पोचलो तेव्हा भोवतालचा रंग त्याच्या अगदी जवळ आला, पण ‘श्री’ पुसली गेली नाही. तिरप्या उजेडात ती किंचित गडद आणि किंचित उंच दिसत राहिली. मीटरवर फरक जेमतेम 5 मायक्रॉनचा होता. 3000 नंबरच्या अगदी बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली ती सपाट करता आली असती आणि तेवढा रंग तिथे होताही. पेपर मी भिजवूनही ठेवला होता.

सर संध्याकाळी आले, त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि मागे येऊन वाकले. चष्मा वर करून त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवले. बोटाला काही लागणार नव्हते, पण त्यांनी फिरवले. “नवीन स्टिकर लावू का, सर?” मी विचारले.

“कशाला? आहे की,” ते म्हणाले, आणि किल्ली मागितली.