रेसिडेंटची खोटी नाइट घेताय? या चुका टाळा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी आमच्या रेडिओलॉजी विभागाचं दार लावून घेते. आत तीन-चार रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), प्रत्येकासमोर एक वर्कस्टेशन. रात्री अकरापर्यंत त्यांच्यावर जुन्या इमर्जन्सी केसेस एकामागून एक सोडायच्या. नावं पुसलेली, स्कॅन मात्र खरे. आम्ही याला 'खोटी नाइट' म्हणतो. दारावर पाटी आहे: 'आत परीक्षा चालू आहे. डोकावल्यास आपणासही बसवण्यात येईल.' अजून कुणी डोकावलेलं नाही.

हल्ली पुण्यात बऱ्याच ठिकाणी अशी परीक्षा घ्यायची टूम निघाली आहे. चांगलंच आहे. पण मला परीक्षक म्हणून बोलावतात तेव्हा त्याच त्या चुका बघून वैताग येतो. त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसले आहे, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

स्पॉटरला खोटी नाइट म्हणणे

पॉवरपॉइंटवर सीटीचा एक कट (एकच काप), कोपऱ्यात बाण, 'डायग्नोसिस सांगा'. ही व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी झाली. एकच कट निवडून दाखवलात तिथे अर्धं निदान तुम्हीच करून दिलंत. स्पॉटरमध्ये चार सेकंदांत 'अपेंडिसायटिस' म्हणणाऱ्या मुलाला पोटाचा अख्खा सीटी दिला आणि अपेंडिक्स सिकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) मागे लपलेलं असलं, की तो दहा मिनिटं स्क्रोल करून विचारतो, "मॅडम, सिकम कुठंय?" अख्खी स्टडी द्या, सगळ्या सीरीज द्या, स्काउट (स्कॅनआधीचं ढोबळ चित्र) सुद्धा द्या. प्रोजेक्टरवर तर मुळीच नको. भिंतीवर बारीक न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा) मलाही दिसत नाही.

सगळ्याच केसेस पॉझिटिव्ह लावणे

पहिल्या वर्षी मी वीस केसेस निवडल्या, एकाहून एक सरस. एक्स्ट्राड्युरल, अ‍ॅओर्टिक डिसेक्शन, सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस (मोठ्या आतड्याला पीळ), मेसेंटेरिक आर्टरीतली (आतड्याच्या धमनीतली) गुठळी. इतकी वर्षं जपून ठेवलेला खजिना, तो दाखवायचा मोह आवरला नाही. एका जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, मुलीने वीसपैकी एकोणीस बरोबर काढल्या. मी खूश. पुढच्याच आठवड्यात तिला खऱ्या नाइटला लावलं.

रात्री दोनला न्यूरोसर्जनचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मुलीने आज तीन हेड सीटी पॉझिटिव्ह दिलेत. तिन्हींसाठी मी उठलो. तिन्ही नॉर्मल आहेत."

सकाळी जाऊन बघितलं. पहिल्यात तरुण मुलाचा फॉल्क्स (मेंदूच्या दोन अर्धांमधला पडदा) जरा ठळक होता, तो तिने सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचं रक्त) म्हणून दिला होता. दुसऱ्यात कानाजवळच्या दोन्ही पेट्रस हाडांच्या मधून पॉन्सवरून (मेंदूच्या देठावरून) जाणारा बीम हार्डनिंगचा, म्हणजे जाड हाडामुळे उमटणारा खोटा, काळा पट्टा होता, त्याचा इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला भाग) झाला. तिसरी केस मला सगळ्यात शिकवून गेली. एमसीए (मेंदूची एक मोठी धमनी) पांढरी दिसते म्हणून तिने स्ट्रोकची धावपळ करायला लावली होती. पण दोन्ही बाजूंच्या एमसीए सारख्याच पांढऱ्या होत्या, बॅसिलर धमनी आणि व्हीनस सायनस या मेंदूतल्या शिरासुद्धा. पेशंटचं हिमोग्लोबिन अठराच्या वर. रक्तच दाट म्हटल्यावर सगळ्याच वाहिन्या पांढऱ्या दिसणार. गुठळी असती तर तेवढी एकच वाहिनी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली असती.

मुलगी हुशार होती, आजही आहे. चूक माझी होती. स्क्रीनवर काही आलं म्हणजे त्यात भानगड असणारच, सापडेपर्यंत उकरत राहायचं, हे मीच तिला एका संध्याकाळी वीस वेळा शिकवलं होतं. खऱ्या कॅज्युअल्टीत उलट असतं. नवले पुलाच्या उतारावर, कात्रजला, पावसात भिडे पुलाजवळ दुचाकीवरून पडून लोक येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे हेड सीटी नॉर्मल निघतात. हेल्मेटबद्दल मी इथे काही बोलत नाही, पुणेकरांशी तो वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. सांगायचं ते एवढंच, की रात्री तीनला 'नॉर्मल' लिहून सही करायला छाती लागते आणि ती तपासणारी एकही केस माझ्या परीक्षेत नव्हती.

बाहेरच्यांना हे केव्हाच कळलं होतं. ब्रिटनच्या एफआरसीआर या रेडिओलॉजिस्टच्या परीक्षेत बरीच वर्षं ३५ मिनिटांत ३० एक्स-रे वाचायचा भाग होता, त्यात नॉर्मल फिल्म भरपूर असायच्या. फ्लोरिडा विद्यापीठातल्या मंडळींनी इमर्जन्सी इमेजिंगचं जे सिम्युलेशन उभं केलं ते अख्ख्या आठ तासांच्या ड्यूटीचं, ६५ केसेसचं, आणि त्यातही नॉर्मल मिसळलेले.

आता माझ्या २४ केसेसमध्ये कधी आठ नॉर्मल असतात, कधी अकरा. आकडा दर वेळी बदला, रेसिडेंट मोजतात. आणि नॉर्मल म्हणजे मिळमिळीत नॉर्मल नको. कवटीतली रक्तवाहिनीची खाच, शाळकरी मुलाच्या कोपरातल्या ग्रोथ प्लेट्स, छातीच्या एक्स-रेवर न्यूमोथोरॅक्ससारखी दिसणारी त्वचेची घडी, असं काहीतरी द्या. नसलेलं दाखवून सर्जनला उठवलं तर मी गुण कापते. 'क्लिनिकल कोरिलेशन' (लक्षणांशी ताडून बघा) लिहून अंग काढून घेतलं तर जास्त कापते.

एक सापडलं की खुर्चीला टेकणे

ही चूक रेसिडेंटची, पण आपण 'एक केस, एक निदान' असेच पेपर काढतो म्हणून ती पोसली जाते.

इथली गोष्ट माझ्याच रिपोर्टची आहे. नवी कन्सल्टंट होते, रुग्णालयाचं नाव सोडा. जुलैतली रात्र, बाइक घसरून आलेला पंचविशीतला मुलगा, पोटाचा सीटी. प्लीहा फाटलेली, भोवती रक्त. मिनिटभरात दिसली. मी सर्जनला फोन केला, वीस मिनिटांत मुलगा ओटीत. स्वतःवर बेहद्द खूश होऊन मी चहा घ्यायला गेले.

पोटाच्या सीटीत वरच्या कट्समध्ये फुफ्फुसांचे तळ येतात. डाव्या बाजूला समोर हवेची काळी चंद्रकोर होती. पोटाच्या विंडोवर (विंडो म्हणजे चित्रातल्या करड्या छटांची सेटिंग) फुफ्फुसही काळं आणि हवाही काळी, वेगळं काही दिसत नाही. लंग विंडोला गेलं की लगेच दिसतं. मी गेलेच नव्हते. ओटीत मुलगा व्हेंटिलेटरवर गेला, दाबाने हवा भरू लागली, छोटा न्यूमोथोरॅक्स टेन्शन (हवेच्या दाबाने हृदय दाबणारा) झाला, बीपी कोसळलं. अ‍ॅनेस्थेटिस्टने छातीत सुई घातली म्हणून मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते मला एवढंच म्हणाले, "मॅडम, पोटाच्या सीटीत फुफ्फुसंही येतात ना?"

२०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी छातीच्या सीटीत चक्क गोरिलाचं चित्र घालून २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसातल्या गाठी शोधायला बसवलं. २० जणांना गोरिला दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर त्याच्यावरून गेलेली होती. मी हे प्रत्येक बॅचला सांगते, सगळे हसतात, आणि त्याच संध्याकाळी निम्मे जण माझी दुसरी फाइंडिंग सोडतात.

माझी सवय अशी: पहिलं सापडलं की मोठ्याने 'एक' म्हणायचं आणि ते सापडलंच नाही असं धरून पहिल्या कटपासून पुन्हा सुरू करायचं. लंग बेसेस लंग विंडोवर, मणके आणि बरगड्या बोन विंडोवर, मग एसएमए-एसएमव्ही (आतड्याची मुख्य धमनी आणि शीर), मग हर्नियाच्या जागा. शेजारचे हसले तर हसू द्या. परीक्षेत साधारण दर चौथ्या केसमध्ये मी दुसरी फाइंडिंग ठेवते आणि पहिलीला तीन गुण, दुसरीला सात. शिवाय मी मागे खुर्ची टाकून बसते. कुणी विंडो बदलली, कुणी सॅजिटल (बाजूने बघायचे कट) उघडलं, हे वहीत टिपते. रिपोर्टवरून हे कळत नाही, कारण टेम्प्लेटमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या तयार साच्यात, 'लंग बेसेस नॉर्मल' आधीच छापलेलं असतं. फिल्म उघडण्याआधीच खोटं बोलून झालेलं असतं. जेआर-वनला टेम्प्लेट देऊ नये या मताची मी आहे. लिहू देत सहा महिने कोऱ्या पानावर. वेळ जातो म्हणतात. जाऊ दे.

हेडच्या बाबतीतही तेच. ८०-४० च्या (रुंदी ८०, मध्य ४०) नेहमीच्या विंडोवर कवटीला चिकटलेला पातळ सबड्युरल हाडाच्या पांढऱ्यात विरघळून जातो. विंडो २००च्या आसपास रुंद करायला एक सेकंद लागतो. तो एक सेकंद वाचवणारी मुलंच मला दुसऱ्या महिन्यात विचारतात, "मॅडम, एकट्याने नाइट कधी देणार?"

चुकलं, शून्य, पुढे चला

मिस झालेली प्रत्येक केस सारखी नसते. शून्य देण्याआधी एक प्रश्न विचारा: दिसलंच नाही, की दिसूनही सोडलंस? ज्याला दिसलंच नाही त्याला पुस्तकातलं पान वाचायला सांगून फायदा नाही. त्याने फिल्म बघण्याचा क्रम बदलायला हवा. ज्याला आतड्याच्या भिंतीतली हवा दिसली, पण 'शौच असेल' म्हणून जो पुढे गेला, त्याला पुस्तक हवं. दोघांना एकच 'अजून वाचा' असा शेरा मारणारे परीक्षक बघितले की मला त्यांचीच परीक्षा घ्यावीशी वाटते.

हे विचारायचं ते त्याच रात्री. सोमवारी विचारलंत तर प्रत्येकजण 'दिसलं होतं मॅडम' म्हणतो.

फोन न करायला लावणे

एका मुलाला टेस्टिक्युलर टॉर्शनची (वृषणाला पीळ पडल्याची) डॉपलर क्लिप, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, दिली होती. रक्तप्रवाह नाही, कॉर्डला पीळ, सगळं त्याने अचूक ओळखलं आणि पानभर देखणा रिपोर्ट लिहिला. फोन कुणालाच केला नाही. का, तर "परीक्षा होती ना मॅडम." टॉर्शनमध्ये साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचायची शक्यता चांगली, पुढे ती झपाट्याने घसरते. त्याचा रिपोर्ट सकाळच्या राउंडला कुणीतरी वाचला असता.

तेव्हापासून अधूनमधून शेजारच्या खोलीत जाऊन मी कॅज्युअल्टीचा सीएमओ (ड्यूटीवरचा डॉक्टर) होऊन फोनवर बसते. मुद्दाम त्रासिक बोलते. "हां, पटकन बोला, इथे गर्दी आहे." जो "सर, तुमच्या अठ्ठावीस नंबरच्या पेशंटला टॉर्शन आहे, युरोलॉजीला आत्ता बोलवा" असं एका वाक्यात सांगतो आणि मी काय ऐकलं ते माझ्याकडून वदवून घेतो, त्याला पूर्ण गुण. जो "सर, अ‍ॅक्च्युअली राइट साइडला डॉपलर केल्यावर..." असा सुरू होतो, त्याचा फोन मी ठेवून देते. खऱ्या रात्री तेच होतं. उलट दिशेनेही फोन येऊ द्या. मधेच कुणीतरी विचारावं, "मघाचा एक्स-रे झाला का?" शांत खोलीत कोणीही वाचतं.

बाकीच्या, थोडक्यात

रिक्विझिशनवर (तपासणी मागवायच्या कागदावर) 'राइट इलियक फोसा पेन (पोटात उजवीकडे खाली दुखणं), ताप, उलट्या' असं गोंडस लिहू नका. खऱ्या कागदावर 'पेन अ‍ॅब्डोमेन, करणे' एवढंच असतं. तेच ठेवा आणि हिस्ट्री विचारायला फोन करणाऱ्याला गुण द्या.

उत्तरं एकट्याने ठरवू नका. ऑपरेशनच्या नोंदी किंवा फॉलोअप नसलेली केस मी आता घेत नाही. माझ्या एका 'पक्क्या' उत्तरावर दोन पोरी अडून बसल्या, मी फाइल मागवली, त्यांचंच बरोबर निघालं.

गेल्या वर्षीचाच सेट वापरू नका. तो व्हॉट्सअ‍ॅपवर शहरभर फिरून आलेला असतो.

जुनी स्टडी असेल तर तीही द्या. उघडतो का ते बघा.

एआय संशयाच्या जागेभोवती काढतं ते चौकोन बंद ठेवा. तिसऱ्या वर्षाला हवं तर लावा, पहिल्याला अजिबात नाही.

सोनोग्राफीच्या क्लिपवरून हात तपासता येत नाही, फक्त डोळा. प्रोब धरायची परीक्षा वेगळी घ्या, शेजारी उभं राहून.

नाव पुसणं म्हणजे फक्त डायकॉम हेडरमधलं (स्कॅनच्या फाइलला जोडलेल्या माहितीतलं) नाव काढणं नव्हे. सोनोग्राफीच्या चित्रात नाव पिक्सेलमध्येच छापलेलं असतं. ते झाकायचं राहिलं तर तुमच्या खोट्या नाइटमध्ये खऱ्या माणसाचं खरं दुखणं वाटलं जातं. २०२३चा डेटा संरक्षण कायदा राहू दे, आपल्या घरच्या माणसाचा सीटी असता तर?

आणि संपल्यावर सगळे खाली टपरीवर जातात, तिथे केसेसची चर्चा करू नका. मागच्याच महिन्यात एकजण क्रीमरोल बुडवत बुडवत मोठ्याने म्हणाला, "तो ब्लीडवाला तर गेलाच होता." बाकावर खऱ्या कॅज्युअल्टीतल्या पेशंटचे नातेवाईक बसले होते. त्यांना खरं काय ते समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला, चहाही गार झाला. आता चर्चा वरच होते, दार लावून, आणि चहा थर्मासमध्ये वर मागवतो.