सीपॅप मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये कोणतं पाणी घालावं?

स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं) निदान झालं, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी आलं, मास्कचं माप बसलं. मग पहिल्याच रात्री प्रश्न पडतो, हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या या छोट्या डबीत पाणी कोणतं घालायचं? उत्पादक सांगतात डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ गार करून मिळवलेलं, क्षार काढलेलं पाणी. घरात असतं आरओचं, नळाचं किंवा बोअरचं. दुकानदार म्हणतो, 'कुठलंही चालतं हो.' कुठलंही चालत नाही. पण त्यासाठी घाबरून जायचंही कारण नाही. प्रत्येक पाण्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे: यात क्षार किती आहेत? आणि यात जंतू असू शकतात का? पहिला प्रश्न मुख्यतः मशीनच्या तब्येतीचा आहे, दुसरा तुमच्या.

आधी डबीत काय होतं ते बघा

डबीच्या तळाला धातूची पट्टी असते आणि तिच्याखाली तापणारी प्लेट. पाणी उकळत नाही, फक्त कोमट होतं. मशीनची हवा त्या पाण्यावरून जाते आणि वाफेचा ओलावा घेऊन नळीतून नाकाशी येते. क्षार वाफेबरोबर उडत नाहीत, ते डबीतच राहतात. म्हणून एखाद्या रात्री नळाचं पाणी घातलं तर फुप्फुसात क्षार जातील ही भीती मनातून काढा. (अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरची गोष्ट वेगळी. तो पाण्याचे थेंबच हवेत उडवतो आणि त्यांच्याबरोबर क्षारही जातात.)

पण त्या कोमटपणाने जंतू मरत नाहीत, उलट त्यांना ते मानवतं. रोज उरलेल्या पाण्यावरच नवीन पाणी ओतत राहिलं तर डबीच्या कडेला बुळबुळीत थर धरतो. माझ्या मते पाण्याच्या निवडीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व रोज पाणी बदलण्याला आहे.

पायरी 1: आपल्या घरचं पाणी ओळखा

ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे डाग पडतात, ते जड पाणी. मराठवाड्यात, विदर्भात आणि पुण्याच्या आसपासच्या नव्या सोसायट्यांत बोअर-टँकरचं पाणी बहुधा असंच असतं. धरणातून येणारं मुंबईचं पाणी त्या मानाने मऊ असतं.

घरच्या घरी एक सोपी परीक्षा करता येते. स्वच्छ पुसलेल्या स्टीलच्या ताटलीत एक चमचा पाणी ठेवा आणि आपोआप वाळू द्या. पांढरट कडं उमटलं तर तेच कडं रोज रात्री तुमच्या डबीत बसणार. डिस्टिल्ड पाणी वाळलं की ताटली जवळपास कोरी दिसते. पेनसारखं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर असेल तर आणखी बरं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी प्यायला उत्तम असूनही डबीसाठी जड असू शकतं. मीटर जंतू दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पायरी 2: पाणी निवडा

पहिली पसंती डिस्टिल्ड वॉटरला. मेडिकल स्टोअरमध्ये, सर्जिकल सामानाच्या दुकानात किंवा मशीन देणाऱ्या विक्रेत्याकडे सीलबंद कॅन मिळतो. डब्या साधारण 300 ते 400 मिलिलिटरच्या असतात. रोज भरून सकाळी ओतून दिली तर महिन्याला 9 ते 12 लिटर पाणी लागतं, त्या हिशेबाने मागवा. कॅन उघडला की झाकणावर मार्करने तारीख घाला आणि पाणी नेहमी ओतून घ्या, आत भांडं बुडवू नका. उघडलेलं डिस्टिल्ड पाणी जंतुविरहित राहतंच असं नाही.

गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी घेऊ नका. त्यातले क्षार काढलेले असतात हे खरं, पण ते बॅटरीसाठी बनवलेलं असतं, श्वासासाठी नाही. जंतूंबद्दल त्यात कसलीच हमी नसते. त्याहून मोठा धोका असा की त्याच फळीवर तशाच कॅनमध्ये बॅटरीचं अ‍ॅसिडही ठेवलेलं असू शकतं. घरातल्या कुणाला 'डिस्टिल्ड वॉटर आण' असं सांगताना मेडिकलमधूनच आण, एवढं जोडून सांगाच.

मेडिकलमध्येही लेबल वाचा. स्टेराइल वॉटरची बाटली चालते, फक्त महाग पडते. तशाच दिसणाऱ्या बाटलीत नॉर्मल सलाईनही असतं. त्यात मीठ असतं, ते डबीत घालायचं नाही.

डिस्टिल्ड मिळालं नाही तर आरओचं पाणी उकळून, झाकून, पूर्ण गार करून वापरा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. लेहसारख्या 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं. आरओ क्षार कमी करतो, उकळल्याने जंतू मरतात, दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. मात्र तुमच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो चवीसाठी थोडं क्षारांचं पाणी परत मिसळतो, तेव्हा ताटलीची परीक्षा करून बघा. नुसत्या यूव्ही फिल्टरने क्षार जात नाहीत. नुसत्या उकळण्यानेही पाणी मऊ होत नाही, काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात, बाकीचे पाण्यातच राहतात.

बाटलीबंद मिनरल वॉटर एखाद्या रात्रीच्या अडचणीला ठीक. घरोघरी येणारा थंड पाण्याचा जार, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणि साठवलेलं पावसाचं पाणी मी वापरणार नाही, तुम्हीही वापरू नका.

घरातल्या रुग्णाची केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर सवलत घेऊ नका. डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणीच वापरा, आणि नेमकं कोणतं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

पायरी 3: रात्री भरा, सकाळी ओता

डबी मशीनमधून बाहेर काढून भरा, मशीनवर ठेवून नको. सांडलेलं पाणी मोटरपर्यंत जाऊ शकतं. कमाल पातळीच्या रेघेच्या वर भरू नका. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी नाकाकडे येणार नाही.

सकाळी मशीन बंद करा, प्लेट निवू द्या, उरलेलं पाणी ओतून टाका. ते परत कॅनमध्ये नको, हवं तर कुंडीत घाला. डबी भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन, उन्हापासून दूर पालथी वाळवा.

पायरी 4: पांढरा थर दिसला तर

आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरचं पातळ पाणी वापरा, साधारण एक वाटी व्हिनेगरला नऊ-दहा वाट्या पाणी. अर्धा तास भिजवून स्वच्छ खळबळून घ्या. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. तारेच्या घासणीने खरवडू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. पांढरा थर म्हणजे क्षार, त्याने ओलावा कमी मिळतो. गुलाबी किंवा बुळबुळीत थर म्हणजे जंतू, काळे ठिपके म्हणजे बुरशी. बुरशी धरलेली किंवा तडा गेलेली डबी बदला.

डबीत काय घालायचं नाही

सर्दी झाली की आपल्याकडे निलगिरी, पुदिन्याचं फूल, बाम घालून वाफारा घ्यायची जुनी सवय आहे. तो हात सीपॅपच्या डबीकडे जाऊ देऊ नका. तेलाने प्लास्टिक खराब होतं आणि तीच वाफ सात-आठ तास दाबाखाली थेट श्वासात जाते. कापूर, गुलाबपाणी, अत्तर यांनाही हाच नियम.

नाक चोंदतं म्हणून बरेच सीपॅप वापरणारे जलनेती करतात. तिथे पाण्याचा नियम आणखी कडक आहे, कारण पाणी थेट नाकात जातं. नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटेच मेंदूपर्यंत पोहोचतो. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. जलनेतीला नळाचं कच्चं पाणी कधीच नको, उकळून गार केलेलंच घ्या.

ऋतू आणि प्रवास

कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ओलाव्याची सेटिंग कमी करता येते. नळीत पाणी गुडगुडायला लागलं की एक पायरी खाली आणा. नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत घसा कोरडा पडला तर एक पायरी वर न्या. गावाला जाताना डबी रिकामी आणि कोरडी करून मगच मशीन बॅगेत ठेवा. मुक्कामी डिस्टिल्ड मिळेल याची खात्री नसेल तर एक सीलबंद लिटरची बाटली मशीनच्या बॅगेत असू द्या. विमानाने जाणार असाल तर ती बाटली चेक-इनच्या सामानात टाका.