वाळ्याच्या ओळीतील नांग्या जुलै संपण्यापूर्वी भरा

घाटकोपर, भांडुप, मुलुंडचे उतार, सोसायट्यांच्या मागचे मुरमाड काप आणि भरावाच्या जागा यांवर माती धरून ठेवण्यासाठी वाळा हे गवत लावण्याचे काम मुंबईत जूनच्या मध्यापासून जोरात चालते. लागवड बहुधा नीटच होते. ती वाया जाते नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, न भरल्यामुळे. ओळीतले दोन-तीन चूड (एकत्र लावलेल्या फुटव्यांचे जुडगे) मेले की वरून येणारे सगळे पाणी त्या फटीकडे वळते, शेजारच्या चुडांची मुळे उघडी पाडते आणि पावसाळा सरेपर्यंत तिथे घळ पडलेली दिसते. सलग ओळ पाण्याचा वेग मोडून गाळ अडवते, परंतु तुटकी ओळ पाणी एका तोंडाशी गोळा करते, म्हणून ती मोकळ्या उताराइतकीच, कधी त्याहूनही अधिक हानिकारक ठरते.

लागवडीची नेहमीची कामे:
- लेव्हलच्या (पाणी भरलेल्या पारदर्शक) नळीने समपातळी रेषा आखणे
- दोन ओळींत 1 ते 2 मीटर उभे अंतर. उतार तीव्र असल्यास कमी
- ओळीत दर 10 ते 15 सेंमीवर एक चूड, चुडात 2 ते 3 फुटवे
- शेंडे 15 ते 20 सेंमीवर छाटणे, मुळे ओली ठेवणे
- लावल्यावर पायाने माती घट्ट दाबणे

वाळ्याला सावली सोसत नाही. वर्षावृक्षाखाली किंवा इमारतीच्या उत्तरेच्या सावलीत लावलेली ओळ विरळ होणारच, आणि तिथे कितीही नांग्या भरल्या तरी उपयोग होत नाही.

लागवडीनंतर साधारण 15 दिवसांनी, शक्यतो मोठी सर ओसरताच, प्रत्येक ओळीच्या खालच्या अंगाने चालत जावे. जिथून गढूळ पाणी एकाच धारेने उतरताना दिसते, तिथे वरून पाने हिरवी असली तरी नांगी आहे असे धरावे. चूड दोन बोटांनी हलकेच ओढल्यावर सहज हाती आला तर तो धरेल म्हणून थांबू नये, असा माझा अंदाज आहे, आणि तो बहुधा खरा ठरतो. नांग्या भरण्यासाठी एकूण रोपांच्या किमान दहा टक्के रोपे एप्रिलपासूनच पिशव्यांत वाढवून ठेवावीत, कारण जुलैत उपटून आणलेला नागवा फुटवा वाहत्या पाण्यात टिकत नाही, पण मातीच्या गोळ्यासह लावलेले पिशवीतले रोप बहुधा टिकते. घळ पडू लागली असेल तर आधी दगड व मुरूम भरून मगच रोप लावावे.

या पिशव्यांसाठी पैसे नाहीत असे सांगणारेच दुकानदाराच्या आग्रहाने ह्युमिकच्या (मुळांच्या वाढीसाठी विकल्या जाणाऱ्या द्रावणाच्या) बाटल्या, जलधारक जेल आणि मुळांची संप्रेरके घेऊन येतात. मुंबईच्या जुलैत जेल कशासाठी हवे, हे कोणी विचारत नाही. लावण्यापूर्वी मुळे बुडवायचीच असतील तर ॲझोस्पिरिलम हे जिवाणू खत 25 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून वापरावे, नाहीतर शेणाची पातळ रबडीही चालते. डीएपी (नत्र-स्फुरदाचे रासायनिक खत) द्यायचे झाल्यास चुडाजवळ चिमूटभर मातीत गाडावे. उतारावर फेकलेले खत नाल्यात जाते.

जिथे दरड सुटलेली आहे किंवा भिंत फुगली आहे, तिथे वाळा हा उपाय नव्हे. आधी अभियंत्याला दाखवावे. नांगीत उशिरा लावलेल्या रोपांना पाऊस परतल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून, डिसेंबरअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. जुन्या चुडांना त्याची सहसा गरज पडत नाही.