रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतंय? आधी तीन दिवस मोजून बघा

दीड वाजता एकदा, पावणेचारला एकदा, आणि कोंबडा आरवायच्या आत तिसऱ्यांदा. मधल्या वेळात झोप लागते न लागते तोच ओटीपोटात पुन्हा ती जड, खुपणारी जाणीव. शेजारणीला विचारलं तर ती म्हणते, "पाळी गेली की सगळ्यांचंच असं होतं." थोडं खरं आहे ते. पण 'वयाचं आहे' म्हणून सोडून दिलं की खरं कारण तसंच राहतं.

रात्री एकदा उठावं लागणं यात फारसं काही नाही. दोनदा किंवा त्याहून जास्त होऊन झोप मोडत असेल, तर लक्ष घालायला हवं. आणि पहिलं काम म्हणजे वही काढणं. गोळी, काढा हे सगळं नंतर.

वही कशी ठेवायची

अर्धा लिटरचा, आकडे असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि तो न्हाणीतच ठेवा. सलग तीन दिवस प्रत्येक वेळी किती लघवी झाली, किती वाजता, घाई किंवा दुखणं होतं का, आणि काय प्यायलात ते लिहायचं. पहिल्या दिवशी कंटाळा येतो, दुसऱ्या दिवसापासून उत्सुकता वाटते. माझ्या वहीतली एक रात्र अशी होती: 10.45 ला झोपण्यापूर्वी 200 मिली, 1.20 ला 350, 3.50 ला 300, सकाळी 6.10 ला 350.

झोपण्यापूर्वीची लघवी दिवसात धरायची आणि सकाळची पहिली रात्रीत, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. म्हणजे माझ्या रात्रीच्या झाल्या 1000 मिली, आणि चोवीस तासांच्या मिळून 1800. अर्ध्याहून जास्त रात्रीच! पासष्टीच्या पुढे रात्रीचा वाटा साधारण एक तृतीयांशापर्यंत चालतो, तरुणपणी एक पंचमांशापर्यंत. माझी लघवीची पिशवी ठणठणीत होती, रात्री प्रत्येक वेळी तीनशे किंवा त्याहून जास्त धरत होती. शरीर लघवी भलत्या वेळी तयार करत होतं, एवढंच.

तुमच्या वहीत उलटं दिसू शकतं. दर वेळी जेमतेम 80-100 मिली आणि घाई मात्र जीवघेणी. मग त्रास पिशवीचा आहे. आणि दिवस-रात्र दोन्ही वेळा भरपूर, चोवीस तासांत तीन लिटरच्या आसपास जात असेल, तहानही खूप लागत असेल, तर आधी साखर तपासा.

लघवी रात्री जास्त होत असेल तर

माझं कारण कदंबात, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसमध्ये सापडलं. फोंड्याहून पणजीला नोकरीला जाताना वाटेत आणि बाजारात बायकांसाठी धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून दिवसभर पाण्याची बाटली तशीच परत यायची. संध्याकाळी सातला घरी पोचले की तांब्या तोंडाला. वर रात्री पेज, जिच्यात भातापेक्षा पाणी जास्त. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून झोपताना ग्लासभर धने-जिऱ्याचं पाणी 'थंडाव्यासाठी'!

उपाय पाणी कमी करणं नव्हे. कमी प्यायलं की लघवी दाट होते आणि पिशवीला आणखी झोंबते. पाण्याची वेळ बदलायची. दिवसाच्या पाण्याचा मोठा भाग दुपारी चारपर्यंत संपवा, झोपण्याआधीचे तीन तास घोट-दोन घोटांवर काढा. पेज सकाळी दहाची बरी. उन्हाळ्यात रात्री जेवणानंतर कलिंगड कापायची सवय असेल, तर तेही दुपारी न्या. चहा-कॉफी संध्याकाळी बंद. घरी हुर्राक (काजूची दारू) येण्याच्या दिवसांत कोण काय पितं यात मी पडत नाही, पण दारूने रात्री लघवी वाढते, एवढं सांगते.

मग पाय बघा. संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून धरल्यावर खळगा राहत असेल, तर दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. पाच-सहाच्या सुमारास तासभर पाय उशीवर उंच करून पडा, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जाईल. खारवलेली मासळी, लोणचं, पापड कमी करा. सूज नवी असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र उशीवर भागवू नका, डॉक्टर गाठा.

रक्तदाबाच्या गोळीचं नाव वाचा. काही गोळ्यांनी पायांना सूज येते, काही लघवी वाढवतात. लघवीची गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बदलू नका. घोरणं मोठं असेल, श्वास अडकून दचकून जाग येत असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्यानेही रात्रीची लघवी वाढते.

पिशवीच घाई करत असेल तर

दाराच्या कुलपात किल्ली घातली की आवरेनासं होतं, हे अनेकींना ओळखीचं वाटेल. धावू नका. जागीच थांबा किंवा बसा, वायू रोखताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा, लाट ओसरली की शांतपणे जा. दिवसा दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा. याच स्नायूंचा व्यायामही करा: पाच ते दहा सेकंद आवळून धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नये. फरक पडायला तीनेक महिने लागतात. बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी सोडवा, भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं.

जळजळ आणि दुखणं

अचानक उन्हाळी लागली, सारखी लघवी, घाण वास, तर जंतुसंसर्ग असू शकतो. गेल्या वर्षीच्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीत कोणते जंतू वाढतात ते बघणारी तपासणी) द्या. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली त्वचा पातळ होते आणि संसर्ग पुनःपुन्हा होऊ शकतो. त्यासाठी योनीत लावायचं मलम असतं, त्याबद्दल न लाजता विचारा.

कल्चर दर वेळी स्वच्छ येतं, तरी पिशवी भरत जाईल तसं दुखतं आणि लघवी झाली की बरं वाटतं, असं सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर हे पिशवीचं वेगळं दुखणं असू शकतं. त्यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही. त्यात काही जणींना आंबट-तिखट झोंबतं, सगळ्यांना नाही. म्हणून दोन आठवडे कोकम, चिंच, रेशाद मसाल्यातलं व्हिनेगर, मिरची, चहा आणि सोडा बंद ठेवायचे, मग एकेक करून परत आणायचे आणि वहीत लिहायचं. गोंयकारणीला सोलकढीशिवाय पंधरा दिवस काढायला सांगणं क्रूर आहे, मान्य. पण कदाचित गुन्हेगार फक्त चहा निघेल आणि हुमणातली (माशाच्या आमटीतली) सोलां, म्हणजे कोकमं, तशीच राहतील. दुखतं तेव्हा ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवावी.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, लघवीत रक्त (न दुखता आलं तरी), लघवी अडकणं, किंवा मांड्यांमध्ये बधिरपणा, यातलं काहीही असेल तर वहीची वाट बघायची नाही. गरोदरपणात साध्या जळजळीलाही थांबू नका.

रात्रीची वाट

हे सगळं लागू पडेपर्यंत उठावं तर लागणारच. न्हाणी मागच्या परसात असेल, तर पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि वयस्कर बाई नेमकी तिथेच घसरते. वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा, नाहीतर आईसाठी खाटेजवळच कमोडची खुर्ची.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना वही आणि सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घाला. आणि घरून निघताना लघवी करून निघू नका: नमुना तिथेच मागतात, सोनोग्राफी सांगितली तर लघवीची पिशवी भरलेली लागते.